काशीमावशीचं सुतक

आमच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत एके काळची महाराष्ट्रातली सगळ्यात देखणी बाई राहत होती. हे वाक्य आता मी बिनदिक्कत लिहिते. लहानपणी ते कुणासमोर बोलण्याची सोय नव्हती. आई म्हणायची, "मागे दोन म्हाताऱ्या आहेत, भाडेकरू," आणि विषय तिथेच संपवायची. दादा, म्हणजे माझे वडील, कर्जतच्या शाळेत इतिहास शिकवत. ते म्हणायचे, "कलावंत आहेत," आणि घसा साफ करायचे. हा शब्द बायकांसाठी वापरायचा झाला की त्यांना घसा साफ करावा लागे. पुरुषांसाठी वापरताना लागत नसे.

देखणी ती मंजुळाबाई, माझी मंजूमावशी. तिच्याबरोबर राहायची ती काशीबाई. ती उंच, रुंद हाडाची, आवाजाने भारदस्त. दोघी एकाच नाटक कंपनीतल्या, आणि त्या कंपनीत सगळ्या बायकाच. आजच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागतं. तो काळ पुरुषांनी शालू नेसून राण्या होण्याचा होता, आणि घरंदाज बायका त्या पुरुषांचं बघून आपले पदर घ्यायच्या. त्याच काळात काही बायकांनी आपल्या कंपन्या काढल्या, आणि तिथे राजेही बायकाच झाल्या. एकीकडे पुरुष साड्या नेसत होते, दुसरीकडे बायका मिशा चिकटवत होत्या, आणि दोन्हीकडे तिकीट काढून बसणारा प्रेक्षक एकच होता. तोच घरी जाऊन मुलीला दारात उभी राहू नकोस म्हणून दटावणारा. मंजूमावशी कायम राणी. काशीमावशी राजा, सेनापती, प्रियकर, क्वचित ऋषी. मंजूमावशीचं चित्र काड्यापेटीवर छापलेलं होतं, केसांच्या तेलाच्या बाटलीवर होतं, दुकानदार दिवाळीला वाटत त्या कॅलेंडरवर होतं. समोरच्या घरातल्या नानींचे सासरे वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तसल्या तीन काड्यापेट्या निघाल्या, एकही काडी न ओढलेल्या. आईने मला हे सांगितलं तेव्हा मी पन्नाशीची होते.

बोलपट आले आणि कंपनी बसली. मग या दोघी कर्जतला कशा, असं मी एकदा विचारलं होतं. काशीमावशी म्हणाली, "वीस वर्षं मुंबई-पुणे केलं गं. दर खेपेला घाट चढायला मागून इंजिन जोडायचे, तोवर गाडी कर्जतला उभी. खाली उतरून वडा खायचा, पाय मोकळे करायचे. एवढाच वेळ आम्हाला कुणी बघत नसायचं. म्हटलं, राहायचं तर इथंच." बाकी सगळ्या महाराष्ट्राने आमचं गाव गाडीच्या खिडकीतून पाहिलं आहे. उतरल्या त्या या दोघीच.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे घाटाखाली धापा टाकणारी इंजिनं, त्यानंतर काशीमावशीचा खर्जातला रियाज, आणि त्याच्यावर ताण म्हणून की काय, आईने जरा जोरात घासलेली भांडी. आमच्याकडे वालाची उसळ, तांदळाची भाकरी आणि वरणभात यांच्यापलीकडे स्वयंपाकाने कधी उडी मारली नाही. मागच्या खोल्यांत मात्र सुकट भाजली जायची. आई तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची आणि "वारा फार आहे आज" असं म्हणायची. वैशाखात, झाडाचं पान हलत नसतानाही वारा असायचा. मी पहिला सुका बोंबील मागच्या खोलीत बसून खाल्ला, आणि घरी येऊन इतकी बडीशेप चघळली की आईला काय ते कळलंच असणार. ती काही बोलली नाही. आईची न बोलण्याची कला या दोघींच्या अभिनयापेक्षा कमी नव्हती.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळी आळी आमच्याकडे येई. मागच्या दोघींना बोलावणं नसे. बायका गेल्या की आई वाटलेली डाळ आणि पन्हं माझ्या हाती मागे पाठवायची. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं असायचं; हळदीकुंकवाचा करंडा नसायचा. मंजूमावशी प्रत्येक वर्षी तबक हातात घेऊन क्षणभर बघायची आणि म्हणायची, "वहिनींच्या हाताला चव आहे हो." तिला कुंकू हवं होतं की नको होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती स्वतः रोज लावायची, चांगलं रुपयाएवढं. पण स्वतः लावणं वेगळं आणि दुसरीने लावणं वेगळं, हे मला बाई होऊन खूप वर्षांनी समजलं.

अलीकडेच शिळफाट्याला एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली कुणी नटी आली होती. काळा चष्मा घातलेले चार दांडगे, फटाके, आणि दोन्ही बाजूंना तुंबलेली वाहनं. मी पाऊण तास रिक्षात बसून होते, तेव्हा मला तिला बघण्यावाचून इलाज नव्हता. मुलगी गोड होती. पण गाडीपासून दुकानाच्या दारापर्यंत ती आपली चालत गेली, मी जाते तशी. मला एकदम मंजूमावशीची चाल आठवली. पासष्टी उलटल्यावरही ती न्हाणीघरातून खोलीकडे जायची तेव्हा अंगण संपू नये असं वाटायचं. मला ती चाल शिकव म्हणून मी मागे लागले होते. "शिकवीन," ती म्हणाली, "पण तुला सांगू का, ही माझी नाहीच. पुरुषांच्या कंपनीत राणी करायचा एक जण, त्याच्याकडून उचलली. त्याचे सलग अकरा खेळ पुढच्या बाकावर बसून बघितले. बाईसारखं कसं चालायचं हे मला एका पुरुषाने शिकवलं बघ."

"आणि पुरुषासारखं?" मी काशीमावशीला विचारलं.

"ते कुणी शिकवावं लागत नाही," ती म्हणाली. "रस्ता आपल्या बापाचा आहे असं धरायचं आणि चालायचं."

मंजूमावशी काशीमावशीला 'अहो' म्हणायची. नाटकात म्हणायची तेच पुढे जिभेला बसलं, असं आळीने ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर आळी सहसा फेरविचार करत नसे. काशीमावशी तिला नावाने हाक मारायची, "मंजुळे, ऐकलंस का गं?" त्यांच्याकडे लाकडी पेटीत चेहरा रंगवायची पिवडी, सफेदा, काजळाच्या डब्या अजून होत्या. कंपनीत प्रत्येक जणी दुसरीचा चेहरा रंगवायची, कारण रंगमंचावर जाण्याआधी स्वतःचा हात थरथरतो. मंजूमावशीचा चेहरा सगळ्या खेळांना काशीमावशीने रंगवला. आता काशीमावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पेटी मात्र दसऱ्याला पुसून ठेवली जायची.

मी नववीत असताना मंजूमावशी आजारी पडली. पोटात काहीतरी होतं. मुंबईला नेऊन आणलं, डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी रोज शाळेतून येऊन तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एके दिवशी कुठल्याशा धरणाची बातमी चालली होती, तिने हात वर केला आणि मला थांबवलं.

"अहो," तिने हाक मारली. काशीमावशी खाटेशी आली. "मला रंगवून पाठवा. हे धुतलेलं तोंड कुणी बघायला नको. आणि पांढऱ्यात नको."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

"दिला," काशीमावशी म्हणाली.

नंतर अंगणात मी तिला म्हटलं, शब्द तर दिला, आता झालं की. ती तुळशीजवळच्या दगडावर बसली होती. "तुला वाटतं तेवढं सोपं नाही गं पोरी," ती म्हणाली. "ही काही आमची कंपनी नव्हे. घर तुझ्या आईचं, गाव लोकांचं. तिला काय नेसवायचं, कुणी उचलायचं, हे ते ठरवणार. मी कोण तिची?" तिने हे विचारलं तेव्हा त्यात नाटक अजिबात नव्हतं. इतक्या वर्षांनी लिहिताना मी तिथे माझ्या तोंडी एखादं शहाणं वाक्य घालून घेणार नाही.

भात पिवळं पडायला लागलं होतं. रविवार होता, दहाचा सुमार. काशीमावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्या दाराशी कधी आली नव्हती. "वहिनी," ती म्हणाली, "मंजुळा गेली." आईने हातातली पळी खाली ठेवली आणि चूल विझवली.

अर्ध्या तासात नानी आल्या, त्यांच्या मागून आणखी तीन बायका. मरण, बाळंतपण आणि साखरपुडा या तिन्ही ठिकाणी नानींना न बोलावता येण्याचा अधिकार होता आणि त्या तो बजावत. बायकांनी मंजूमावशीला आंघोळ घातली, आणि मग काम थांबलं. नेसवायचं काय हा प्रश्न उभा राहिला. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईला हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, मळवट. विधवेला पांढरं. आळीच्या कपाटाला हे दोनच खण होते.

"सवाष्ण म्हणावी तर नवरा कधी दिसला नाही," नानी म्हणाल्या, "आणि विधवा म्हणावी तर मेलेला ऐकला नाही."

"मग कुमारिका धरायची का?" एकीने विचारलं.

"सत्तरीची कुमारिका? आणि ती नाटकातली?" नानींनी असं म्हटल्यावर कुणीतरी पदर तोंडाशी नेला. "पांढरं काढा. लफडं नको. कुंकू तेवढं पुसा आधी."

काशीमावशी उंबऱ्यावर होती. "नानी, तिचं लग्न झालंय," ती म्हणाली. "शनिवारी एकदा, रविवारी दोनदा. वीस वर्षं. माझ्याशीच."

"अहो, ते नाटकातलं!"

"नाटकातलंच. खरं लावून द्यायला कुणी आलं नाही. बघायला तेवढे सगळे आले."

नानींचे सासरे त्या क्षणी कुणाला आठवले असतील तर फक्त आईला. आई भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडे बघत होते, काशीमावशीही त्या गढूळ डोळ्यांनी तिकडेच बघत होती. आई म्हणाली, "नानी, पुसायचं काही नाही. माझ्या घरातून जात्येय ती. काय नेसायचं ते मी बघेन." आणि आत जाऊन तिने स्वतःचं हिरवं लुगडं आणलं, सणावारी ती नेसायची ते. हे तिने मंजूमावशीच्या मायेपोटी केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी आईला ओळखत होते. तिच्या घरात येऊन दुसऱ्या बाईने हुकूम सोडावा, हे तिला जास्त लागलं होतं. पुढे कधीतरी मला वाटू लागलं की चांगल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी अशाच होत असणार, आणि त्या तशा झाल्या म्हणून कमी चांगल्या ठरत नाहीत.

"आता तुम्ही सगळ्या बाहेर व्हा," काशीमावशी म्हणाली. "तिला रंगायला बसवायचंय." बायका गेल्या. मला तिने थांबवलं, पेटी उघडायला सांगितली. पिवडीत पाण्याचे थेंब टाकून तिने तळहातावर रंग कालवला आणि लावायला लागली. ती चेहऱ्याकडे बघतच नव्हती. बोटं कपाळावरून कानशिलाकडे, तिथून हनुवटीकडे फिरत होती, आपल्या घरात अंधारात माणूस चालतो तशी. गालांवर गुलाबी चढली, ओठांना रेघ आली, मग भुवया. कॅलेंडरवरचा चेहरा मला पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसत होता. तो सुंदर होता हे खरं, पण मला भीतीही वाटत होती.

"मला दिसत नाही," काशीमावशी म्हणाली. "कसं झालंय ते तू सांग. खरं सांग."

डावी भुवई उजवीपेक्षा खाली आली होती, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मेलेल्या माणसाच्या खोलीत असलं काही बोलावं का, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि न सांगितलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"डावी भुवई खाली आहे," मी म्हटलं.

"किती?"

मी तिचं बोट धरून दाखवलं. तिने ओल्या फडक्याने भुवई पुसली आणि परत काढली. "आता?"

"आता बरोबर."

"पुढच्या बाकावरच्यांना तेवढंही दिसतं," ती म्हणाली. मग मी आईला बोलावलं. आई कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिने तो उघडला, क्षणभर स्वतःचं बोट पुढे केलं, मग तो काशीमावशीच्या हातात दिला. "तुम्हीच लावा," ती म्हणाली. काशीमावशीने कुंकू लावलं. आईनेही मग लावलं, काशीमावशीच्या बोटाच्या ठशावरच. त्या घरात आईने मंजूमावशीला कुंकू लावण्याची ती पहिली वेळ, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. दोघी म्हणजे आई आणि काशीमावशी.

बाहेर ओटीवर पुरुषांचा वेगळा अंक चालला होता. अग्नी कोण देणार? भटजींनी घरमालक म्हणून दादांकडे बोट केलं. दादांनी घसा साफ केला आणि "परंपरेचा साकल्याने विचार करता..." अशी सुरुवात केली. आमच्याकडे पलीकडच्या वाडीतून दूध घालायला येणारा गणपत तिरडी बांधत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मास्तर, भाशान मागनं करा. आदी उचलायचं हाय."

तेवढ्यात काशीमावशी मडकं घेऊन ओटीवर आली. "अग्नी मी देणार."

"बाईमाणसं स्मशानात येत नाहीत," भटजी म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना हा प्रसंग कुठल्याच पोथीत सापडत नव्हता एवढंच.

"नाय येत बायका," गणपत म्हणाला. त्याने सुंभाची गाठ दाताने आवळली. "पन ह्या राजा व्हत्या. माज्या बापानं पनवेलला बगितलंय यांना, तलवार घेऊन. बा मरंस्तवर राजाच म्हनत व्हता. आन दुसरं हाय कोन तिला? तुमी देता का अग्नी?"

भटजींनी दादांकडे पाहिलं. दादांनी वाक्य जिथे तोडलं होतं तिथेच राहू दिलं, चप्पल काढून ठेवली आणि तिरडीच्या पुढच्या खांद्याला जाऊन उभे राहिले. निर्णय झाला असं कुणी म्हणालं नाही. पण इतर तिघे आपापल्या जागी गेले.

आम्ही बायका फाटकापर्यंत गेलो. काशीमावशी पुढे निघाली. रोज भिंतीला हात लावून चालणारी ती म्हातारी, दहा-बारा पावलं तशीच चाचपडत गेली. मग तिची पाठ सरळ झाली, खांदे मागे गेले, पावलं लांब पडू लागली. मागच्या चौघांना तिच्याबरोबर राहायला चाल वाढवावी लागली. नानी माझ्या शेजारी होत्या. "बाई गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सगळे पुलाकडच्या वळणाआड जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

स्मशानात काय झालं ते मला दादांनी कधी सांगितलं नाही. गणपतकडून एवढं कळलं की तिने सगळं नीट केलं, रडली नाही, आणि मडकं फोडताना भटजींनी तिचं कोपर धरलं, कारण तिला दगड दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक भेटायला येऊ लागले. आमच्याकडे याचीही रीत ठरलेली. नवरा गेला की बायका आत जाऊन त्या बाईजवळ बसतात. बायको गेली की पुरुष ओटीवर येतात आणि त्या माणसाजवळ बसतात. आळीतल्या तीन बायका सरळ मागच्या खोल्यांत गेल्या, तिथे कुणीच नाही हे बघून परत फिरल्या. काशीमावशी आमच्या ओटीवर येऊन बाकाच्या टोकाला बसली होती. मुद्दाम आली, की भिंत धरत चालता चालता तिथवर पोचली, ते मला ठाऊक नाही. बायका अंगणात घोटाळल्या, एकमेकींकडे बघितलं आणि आईकडे आत गेल्या.

दादा बाहेर आले. तिला बघून दारातच थांबले. मग बाकावरचं वर्तमानपत्र उचलून त्यांनी बाजूला ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले, मध्ये थोडं अंतर सोडून. जरा वेळाने गणपत दुधाचा कॅन ठेवून खालच्या पायरीवर बसला. मग पोस्टातले एक गृहस्थ आले, मग भटजी. मंजूमावशीचं नाव कुणी काढलं नाही. खोपोलीकडची गाडी हल्ली उशिरा सुटते, असं पोस्टातले म्हणाले. यंदा लोंबी चांगली धरली आहे, पण डुकरं येतात, असं गणपत म्हणाला. "रात्री राखायला कुणी असतं का?" काशीमावशीने विचारलं. गणपतने सांगितलं, भाऊ असतो. बायको गेलेल्या माणसाशी पुरुष जे बोलतात तेच ते बोलत होते, आणि तसंच मध्ये मध्ये गप्प बसत होते. चहा घेऊन मी बाहेर गेले तेव्हा भटजींनी पहिला कप उचलून तिच्या हातात दिला.

शाळेची वेळ झाली तसे दादा उठले. उठताना आधार घ्यावा तसा त्यांनी काशीमावशीच्या खांद्यावर हात ठेवला, सांत्वनाला पुरुष पुरुषाच्या खांद्यावर ठेवतात तसा. मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांची मान ताठ झाली, मी दारातून बघत होते. हात त्यांनी काढला नाही. समोरून नानी सडा घालता घालता थांबल्या होत्या. दादा तसेच थोडा वेळ उभे राहिले, आणि मग शाळेला गेले.